मागच्या डाव्या दाराचं रबर

१७ जून १९९९, गुरुवार. संध्याकाळी ७.

आज सकाळी अकरा चाळीसला माझं आयुष्य बदललं. वेळ लिहून ठेवतो, पुढे लागेल.

अप्पांची फियाट घेऊन निघालो होतो. आमच्यापासून तिसऱ्या घरातल्या शांतादेवीकाकू आणि त्यांची शांभवी मिरजकर तिकटीला रिक्षाची वाट बघत उभ्या. मी उतरून दार उघडलं, म्हटलं बसा. काकू आधी, मग शांभवी, मागच्या डाव्या दाराने. तेवढ्यात मागचा रिक्षावाला हॉर्न मारून ओरडला, ओ पावणं, लगीन लावूनच निघणार काय? माझं डोकं फिरलं. दार आपटलं. शांभवीच्या ओढणीचं टोक आत अडकलं. दार उघडलं. ओढणी दाराच्या कडेच्या लोंबत्या रबरात गुंतलेली. दिला हिसका. ओढणी अख्खी सुटली, रबर हातभर फाटून माझ्या हातात आलं.

शांभवीने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "रबर फाटलं."

तीन वर्षांत माझ्याशी बोललेले पहिले दोन शब्द. आवाजात काळजी होती.

संकल्प: १. रबर स्वतः बसवणार, मिस्त्री नको. २. राग सोडणे. ३. दार आपटणे कायमचं बंद.

फाटलेला तुकडा कपाटात ठेवला, कॉलेजच्या आयकार्डाशेजारी. तिच्या ओढणीचा एक निळा धागा अजून आहे त्याला.

२० जून, रविवार.

अप्पांनी विचारलं दाराला काय झालं. म्हटलं उंदीर. अप्पा म्हणाले, उंदरानं न्हाई, तुझ्या डोसक्यानं खाल्लंय. मग विषय नेहमीच्या जागी गेला. बी.कॉम.चं दुसरं वर्ष अर्ध्यात सोडून, प्राचार्यांच्या केबिनचं दार आपटून आलास, वगैरे. ह्यानं एक दार सरळ लावलेलं बघून डोळं मिटावं एवढीच इच्छा हाय, असं आईला, अव्वाला, म्हणाले.

मी शांतपणे उठून बाहेर आलो. स्वयंपाकघराचं दार वाऱ्याने आपटलं. वारा नव्हता, पण कधी कधी एकदम येतो.

२३ जून, बुधवार.

शाहूपुरीत स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, जुना तुकडा दाखवा पावणं, त्या मापाचं देतो. म्हटलं तुकडा नाही. आहे, पण ती खाजगी वस्तू आहे, हे त्याला कशाला सांगू? तो म्हणाला, मग काय अंदाजानं देऊ? चप्पल तरी अंदाजानं घेता काय? चार गिऱ्हाइकं हसली. मी काउंटरवर हात आपटून सगळ्यात जाड रबर घेतलं. जाड ते टिकाऊ.

२४ जून, गुरुवार.

रबर बसवलं. दार लागत नाही. कुल्ल्याने रेटलं. लागलं.

आता उघडत नाही.

दुपारी ४. पलीकडच्या दाराने आत शिरून, सीटवर आडवा पडून दोन्ही पायांनी ढकललं. उघडलं. रबर तीन ठिकाणी फाटलं. अप्पा गॅलरीतून सगळं बघत होते. मग आत जाऊन रेडिओ लावला. बोलले असते तर परवडलं असतं.

२७ जून, रविवार.

पाऊस. काकूंना आणि शांभवीला दवाखान्यात सोडायचा योग आला. मागच्या डाव्या दारातून पाण्याची धार. शांभवी आत छत्री उघडून बसली. पाणी चुकवायला, हे खरंच. पण थोडं तोंड लपवायलाही असणार. आरशात मी दिसत होतो ना.

उतरताना म्हणाली, "अण्णा, रस्त्यावर कमी पाणी हाय, गाडीत जास्त हाय."

म्हणजे माझ्याशी चेष्टा करण्याइतकी मोकळी झाली. 'अण्णा'चं मनावर घेत नाही. काकू शेजारी होत्या. चारचौघांत असंच म्हणावं लागतं.

३० जून, बुधवार.

बातमी वाईट आहे, पण नीट बघितली तर चांगली आहे.

शांभवीला गडहिंग्लजचं स्थळ आलंय. मुलगा साखर कारखान्यात केमिस्ट. पसंती झाली. आषाढ लागायच्या आत सुपारी फोडायची, ११ जुलैला, रविवारी. मुलाची आजी अंथरुणावर आहे, म्हणून त्यांच्याच घरी. हे सगळं शांभवीच्या वडिलांनी, शिवानंदकाकांनी, आमच्या बाहेरच्या सोप्यात बसून सांगितलं. गाडी मागायला आले होते. अप्पा म्हणाले, गाडी बी न्या, ड्रायव्हर बी न्या, दोन्ही रिकामंच हाईत. काका म्हणाले, तेवढं दाराचं बघा की. पोरगी भिजून उतरली तर पावण्यांच्यात शोभा व्हईल.

तासभर काही सुचलं नाही. जेवलो नाही. (नंतर जेवलो.) मग प्रकाश पडला. मंगळवार पेठेत गाड्या काय कमी आहेत? मग आमचीच का? तिनेच सांगितलं असणार. मुलगी स्वतःच्या तोंडाने सांगू शकत नाही. ती गाडी मागवते. अर्थ आपण लावायचा.

प्लॅन: निपाणीच्या पुढे चहाला थांबायचं. सगळे उतरतील. तिला एकटीला विचारायचं, "शांभवी, तुझ्या मनात काय आहे?" एवढंच वाक्य. तिला रडू येईल. गाडी वळवायची.

पण भिजलेली मुलगी असलं काही ऐकून घेणार नाही. म्हणजे सगळं रबरावर आलं. हाताशी अकरा दिवस. रबर सुधारलं तर ती माझी, नाहीतर केमिस्टची.

३ जुलै, शनिवार.

दुसऱ्या दुकानातून, नुसत्या नजरेने ओळखून, नवं रबर आणलं. कॉन्फिडन्स वाढलाय. पंक्चरवाल्याकडून सोल्युशन घेतलं. तो म्हणाला, दोन्हीकडं लावून धा मिनिटं सुकू दे, मग चिकटव. दोन मिनिटं थांबलो. हुशार माणसाला दोन पुरतात.

शेवटी रबर चार बोटं कमी पडलं. ओढलं. पोचलं! कुठलीही गोष्ट मनापासून ओढली की पोचते.

दार थप् करून लागलं. अप्पांना बोलावून दाखवलं. त्यांनी रबरावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, उद्या बघू.

४ जुलै, रविवार. सकाळी ८.

चार बोटं परत उघडी. शिवाय मधला भाग सुटून लोंबतोय.

८.०५. दार आपटलं. काच सुटून दाराच्या आत पडली.

८.३०. अव्वा म्हणाली, चा पी. अप्पा पेपर वाचत होते. पेपर हलत होता. हसत असणार.

आठवडा राहिला. तिच्या घराकडून कानवल्यांचा वास येतोय. तयारी जोरात आहे. काच आत, रबर बाहेर, मी मधे.

६ जुलै, मंगळवार.

उद्यमनगरात आकाराम मिस्त्रीकडे गेलो. हरून नाही. सल्ल्याला.

मिस्त्रीने दार उघडलं, रबराकडे बघितलं आणि विचारलं, ओढून लावलास न्हवं? मी म्हटलं, थोडंसं. मिस्त्री म्हणाला, "रबराला ओढलं की ते त्या येळंपुरतं व्हय म्हणतंय. सकाळी आपल्या जाग्याला परत जातंय. त्याला वडायचं न्हाई. बोटानं दाबत दाबत, त्याच्या कलानं बसवायचं. आणि सोल्युशन सुकस्तोवर गप बसायचं. तुला गप बसता येतंय काय?"

मी म्हटलं येतं. घाईला आलो होतो, म्हणून जरा जोरात म्हटलं. बाकीची गिऱ्हाइकं वळून बघायला लागली.

मग म्हणाला, जुना तुकडा आण. त्याबिगर माप कळत न्हाई.

घरी आलो. कपाट उघडलं. बंद केलं. परत उघडलं. ११ तारीख डोळ्यांपुढे आली. तुकडा नेऊन दिला. मिस्त्रीने ब्लेडने मधोमध चिरला, आतली पोकळी बघितली, म्हणाला, व्हय, हेच माप. आणि दोन्ही अर्धे कचऱ्याच्या पिंपात टाकले. निळ्या धाग्यासकट.

मी रुमाल काढला. डोळ्यांत सोल्युशनचा वास गेला होता.

८ जुलै, गुरुवार.

मिस्त्रीने काच वर बसवली, रबर लावलं. पाऊण तास लागला. त्यातला निम्मा वेळ तो सोल्युशन सुकायची वाट बघत तंबाखू मळत बसला. कसला मिस्त्री! पण नंतर दारावर दोन बादल्या पाणी ओतलं. आत एक थेंब नाही.

निघताना म्हणाला, आठ दिस दार आपटायचं न्हाई, नवं रबर बसाय येळ लागतो. तू तर हातच लावू नगंस.

म्हणजे काम तसं मीच पूर्ण केलं. सँपल माझं होतं.

१० जुलै, शनिवार.

निसर्ग आपल्या बाजूने आहे!

काकू अव्वाला सांगत होत्या. सुपारी फोडायला मुलीकडची पाच पुरुष माणसं बसावीच लागतात, त्यांच्या घराण्याचा नेम. शिवानंदकाका, तिकडेच राहणारे त्यांचे दोन भाऊ, आमचे अप्पा, आणि पाचवे शांभवीचे प्रभुलिंगमामा. मामा गारगोटीहून परस्पर एसटीने येणार. आणि गारगोटीच्या बाजूला दोन दिवस पाऊस थांबलेला नाही!

मामा नाहीत तर सुपारी नाही. सुपारी नाही तर आषाढ. आषाढ म्हणजे महिनाभर काही ठरत नाही. महिन्यात काय होत नाही?

झोपताना हात जोडले. मामांना काही होऊ नये, फक्त एसटीला व्हावं.

११ जुलै, रविवार. दुपारी २.१०. गडहिंग्लज, गाडीत.

घाईत लिहितोय.

पुढे मी, काका, अप्पा. मागे काकू, आणि डावीकडे शांभवी, हिरवी साडी. कागलपासून धो धो पाऊस. निपाणीच्या पुढे चहाला थांबलो. काका उतरले, अप्पा उतरले, काकू उतरल्या. साडी भिजेल म्हणून शांभवी आतच. सगळं प्लॅनप्रमाणे. मी मागे वळलो. वाक्य तोंडात होतं.

ती म्हणाली, "अण्णा, रबर लई झाक बसलंय. एक थेंब आला न्हाई."

मी म्हणालो, "आकाराम मिस्त्रीनं बसवलंय."

हेच म्हणालो. दुसरं काही आलंच नाही.

ती म्हणाली, "गडहिंग्लजला त्यांच्याकडं बी फियाटच हाय. मागचं दार असंच गळतंय म्हणं. मिस्त्रीचा पत्ता द्या की."

या वहीचं शेवटचं पान फाडून पत्ता लिहून दिला. पिनकोडसकट. तिने घडी करून पर्समध्ये ठेवला. या वेळी काकू शेजारी नव्हत्या, तरी अण्णाच म्हणाली. याचा अर्थ अजून लावलेला नाही.

आता सगळे पाहुण्यांच्या घरात आहेत. मी मागच्या सीटवर, तिच्या जागेवर बसलोय. सीट कोरडी ठणठणीत. समोर सोप्यात शांभवी दिसतेय. तो केमिस्ट तिला काहीतरी सांगतोय. ती मान मागे टाकून हसली. रबर इतकं पक्कं बसलंय की आत काही ऐकू येत नाही. नुसतं हसणं दिसतं.

पण मामा आलेले नाहीत! मुहूर्त दोनचा होता. काका दारात उभे राहून रस्त्याकडे बघतायत. विधीला आलेले जंगमस्वामी घड्याळ बघतायत. चारच माणसं. देव आहे. मी म्हणत होतो.

२.१५. काका छत्री घेऊन गाडीकडेच येतायत. गाडी परत फिरवायची असणार. तोंड हलतंय, ऐकू येत नाही. काच खाली घेतली.

"वीरेश, मामाची एसटी पाण्यात अडकली रं. घरात फोन आला. पाचवा माणूस पायजे. तिच्या भावासारखाच की तू. चल, ऊठ, हात धू. सुपारी खोळंबलीया."

म्हटलं, मी फक्त ड्रायव्हर आहे. काका म्हणाले, आमच्या घरचाच हाईस, असं परक्यासारखं काय बोलतोस?

सोप्यातून सगळे बघतायत. शांभवी हाताने या, या करतेय. अप्पा माझ्याकडे नाही, दाराकडे बघतायत.

वही सीटवर ठेवतो. उतरतो. दार लावतो. हळू, बोटाने दाबून. आठ दिवस अजून व्हायचेत.