आईचा कोटा संपला

९ मे २०२०, शनिवार

संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी माझी अब्रू गेली! चिरंजीवांनी कुटुंबाच्या ग्रुपवर माझा जुना फोटो टाकला. हातात ग्लास, ग्लासात द्राक्षाचा रस, आणि तोंड वाकडं, कारण रस आंबट होता. खाली काय लिहावं? "आईचा कोटा संपला. दुकानं उघडा हो!"

चाळीस माणसं पोट धरून हसताहेत. नणंदेनं ग्लासावर ग्लास आपटल्याचं चित्र पाठवलं. मी लिहिलं, "फोटो ताबडतोब काढ." उत्तर आलं — "आईला चढली वाटतं!" पुन्हा हशा.

जन्मात थेंबाला शिवले नाही. कॉन्व्हेंटात सिस्टर चर्चमधल्या वाइनची रिकामी बाटलीसुद्धा आम्हाला धुवू देत नसत!

१० मे

धाकट्या दिरांचा फोन. "वहिनी, एवढं काय मनावर घेता? माणसं घरात कोंडलीत. सगळेच असलं लिहितात."

"सगळेच नाक कोरतात, भावजी. फोटो पाठवतात का?"

फोन ठेवला.

१२ मे

ग्रुप खालपासून वरपर्यंत वाचून काढला. काही समजेना. भाचा सॅनिटायझर "आतून" लावतो म्हणे. नणंदेच्या कपात चहा नाही, असं तीच सांगते — तिला तर दारूच्या नुसत्या वासानं मळमळतं! दारूच्या दुकानापुढची रांग सगळे कौतुकानं टाकतात, दवाखान्यापुढची कुणी टाकत नाही. पूर्वी पिणारे लपवायचे. आता न पिणारेही प्यायल्याचं सोंग करतात. का? मग खरं पितं कोण?

चिरंजीव तर रोजच. "कॅमेरा बंद, बूच उघडं." "आमच्याकडे आज सकाळीच सूर्य मावळला." सगळ्यात जास्त हशा त्याला.

१३ मे

फोटो अजून तिथेच!

१४ मे

सूनबाईला फोन केला. "नवऱ्याला आवर जरा." ती हळूच म्हणाली, "आई, तुम्ही रागावलात ते बरं झालं. बाकीचे हसले की तो मला फोन दाखवतो. म्हणतो, बघ, सगळेच पितात."

"अगं, पण ते गमतीनं लिहितात —"

"ते गमतीनं लिहितात, आई. तो नाही."

मग "आला तो" म्हणाली आणि फोन बंद.

म्हणजे पोरगा रोज चाळीस जणांदेखत खरं सांगत होता? की सूनच घाबरून वाढवून सांगतेय? जाऊन हात धुतले. बाहेर कुठे गेले नव्हते, तरी धुतले.

१५ मे

त्याला एकट्याला पाठवलं:

"फोटो राहू दे. रोज किती पितोस आणि कधीपासून, ते मला लिहून कळव. रविवारी दुपारी बाराच्या आत. चित्रं नकोत, विनोद नको. उत्तर आलं नाही, तर रस्ते बंद असोत नाहीतर उघडे, मी तुझ्याकडे यायला निघाले."