पांढरा चौकोन

खारघर, दि. २९ मे २०२५

ती. जयमालावहिनींस सा. न.

दादाचं तेरावं उरकून आल्यावर आज कामावर हजर झालो. डबा खाल्ला, संध्याकाळी घरी आलो. तुम्ही आणि मुलं वेळेवर जेवता ना?

परवाचं तुमचं फोनवरचं बोलणं डोक्यातून जात नाही. "भावोजी, तुमच्याच हापिसाचा वादळाचा नकाशा गावात फिरतोय. तुर्भ्याच्या बाजारावर पांढरं हाय. लोक म्हनत्यात, वारंच नव्हतं, तर सयाजी पिऊन पडला आसंल."

मी गावी असताना तो नकाशा माझ्या हाताखालच्या विपुलने केला. आज त्याला विचारलं. म्हणाला, "सर, बाजारातलं वारा मोजायचं यंत्रच उखडून गेलं. आकडा नाही तर रंग नाही, आपला नियमच आहे." म्हणजे जिथे यंत्र टिकलं नाही, तिथेच पांढरं.

आमच्या वरिष्ठ चारुलता मॅडम म्हणाल्या, "मग शेजारच्या यंत्रांची सरासरी घाल. टेन्शन नको." घालून पाहिली. पिवळा आला. पिवळा म्हणजे मध्यम वारा. मी तो पुसला.

वहिनी, दादाला गावी आणलं तेव्हा मी चेहरा तेवढाच दाखवला. चादर कोणाला काढू दिली नाही. शेडचा पत्रा सुटून पाठीमागून आला. खांद्यापासून कमरेपर्यंत चिरलं. पुढे पत्रा ट्रकच्या दारात घुसला, दोघांनी ओढला तरी निघेना. जागीच गेला, असं मी म्हणालो होतो. तसं नाही. शेजारी मारोती हमाल होता. तो सांगतो, "ताडपत्री सोड म्हनलं, तर म्हनला कांदा भिजंल. पडल्यावरबी मुठीतली दोरी सुटंना." दादा हाका मारत होता. कोणाला, ते मारोतीने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

तो प्यायलेला नव्हता.

नकाशातल्या तुर्भ्याच्या पांढऱ्या चौकोनात मी काळ्या रेघा मारल्या आणि खाली लिहिलं, 'येथे वाऱ्याने यंत्र मोडले.' मॅडमनी वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि पाठव म्हणाल्या. उद्या नवा नकाशा येईल. पारावर बसणाऱ्यांना दाखवा.

तुम्ही त्याचा अंगातला शर्ट मागितलात, म्हणून हे लिहिलं. शर्टाची फाटलेली पाठ पाहून कळलंच असतं. दोनदा धुतला, डाग गेला नाही. बाहेर दोरीवर आहे. वारा सुटलाय, चिमटे लावून येतो.

दादाचा,
धनाजी