टाकीच्या झाकणाबद्दल खुलासा

डिंभ्याच्या पाण्याकाठून, ता. आंबेगाव
२८ सप्टेंबर २००३

श्री. गेणभाऊ यांस,

सोमाजीचा रामराम. इकडे सगळे खुशाल आहेत असं लिहायची पद्धत आहे. पण वडील जाऊन महिना झाला, आणि तुमचं नाव काढलं की तुमच्या आई उठून परसात जातात, त्या घराला खुशाल कसं म्हणू? म्हैस बरी आहे. तुमच्या बहिणीचे, अंजनाचे, गुडघे दुखतात आणि त्याचा राग माझ्यावर निघतो (घरजावयाचा तेवढा तरी उपयोग व्हावा). तुमची तब्येत कशी आहे? मुंबईचा खोकला गेला का?

तुमचं पत्र मिळालं. चार पानं, आणि चारही पानांचा रोख एकच, की होडीचं इंजिन का बंद पडलं ते शोधा आणि सापडलं की आईला सांगा. तुमचं बरोबर आहे. धक्क्यावर वीस वर्षं बोटींची इंजिनं खोलणाऱ्या माणसानं स्वतःच्या हातानं तपासून पाठवलेलं इंजिन, आणि दहाव्याला सगळ्या भावकीसमोर मामींनी पोटच्या पोराबद्दल म्हणावं, "गेण्यानं भंगार धाडलं अन् बाप मारला." तुम्ही न जेवता एसटीला गेलात. मी फाट्यापर्यंत मागं आलो होतो, तुम्ही वळून पाहिलं नाही. असो. दोष सापडलाय. पण मी सरळ सांगणाऱ्यातला नाही हे तुम्हाला ठाऊक आहे, तेव्हा दम धरा.

गेल्या वर्षी पोळ्याला इंजिन आलं तेव्हा दिवाळीपर्यंत ते वाघासारखं चाललं. पैलतीरावरची माणसं, शेरडं, एकदा तर आख्खी नवरी मुलगी करवल्यांसकट नेली. मग त्याला रुसायची खोड लागली. सुरू व्हायचं झटक्यात, दहा-बारा मिनिटं गुरगुरायचं, आणि बरोबर मधल्या पाण्यात खोकून गप्प. टाकीतून इंजिनाला तेल नेणाऱ्या नळीवर तो रबरी गोळा आहे ना, तो दाबायला जावं तर आधीच चिपाडासारखा चपटा झालेला. गंमत अशी की टाकी अर्धी असली की कमी रुसायचं, जास्त भरली की जास्त. पोट भरल्यावर रुसणारं जनावर मी तरी दुसरं पाहिलं नाही. मी जाळी धुतली, नळी बदलली, पेट्रोलात पाणी असेल म्हणून ते फडक्यातून गाळलं, प्लग इतका घासला की त्याचं नाव पुसलं. शेवटी पेट्रोल आहे का बघायला झाकण उघडायचो, फुस्स आवाज यायचा, परत झाकण लावून दोरी ओढली की लगेच सुरू. तेवढ्यात होडीतलं कुणीतरी भीमाशंकराला नारळ बोललेलं असायचं. श्रेय नारळाला जायचं. तीन नारळ तर मीच फोडले, आणि झाकणाकडे एकदाही नीट पाहिलं नाही. एवढी अक्कल घेऊन मी माणसं पाण्यावरून नेत होतो.

आता त्या दिवसाचं. तुम्हाला मामींच्या तोंडून कळलंय, माझ्या तोंडून नाही. दुसऱ्या दिवशी श्रावणातला शेवटचा सोमवार, गर्दी व्हायची, म्हणून सकाळी मी स्वतः टाकी गळ्यापर्यंत भरली. दुपारी मामा बांधावर बसले आणि म्हणाले, छातीत कळ येतीय. रस्त्यानं जायचं तर डोंगराला वळसा आणि गावची एकुलती जीप सकाळीच गेलेली. पाण्यानं धरणाच्या भिंतीपर्यंत पंचवीस मिनिटं, तिथून घोडेगावला गाडी मिळते. होडीत घोंगडी टाकली, मामींनी मांडी दिली, निघालो. सहाव्या मिनिटाला बंद. मी प्लग काढला, पुसला, नळी तोंडानं फुंकली, दोरी ओढून ओढून हाताची सालं निघाली. मामा घामानं भिजले होते तरी म्हणाले, "जावई, ह्याच्यापरीस रेडा बरा व्हता. मारला की चालायचा." मामी हसल्या. हो, हसल्या, मी बघितलं. त्यानंतर मामा काही बोलले नाहीत. इंजिन दोनदा खोकलं, मग तेही नाही. बसायची फळी उपटून मी होडी वल्हवली, तासाच्या वर लागला. घोडेगावात डॉक्टरनं नाडी बघितली आणि म्हणाला, तासभर आधी आणायचं होतं. गेणभाऊ, मी त्या होडीत सगळं उघडलं. झाकण तेवढं उघडलं नाही. टाकी भरलेली आहे हे मला माहीत होतं, मग उघडून बघायचं कशाला? रोज ही गोष्ट डोक्यात येते.

ओतूरला भिमाजी म्हणून एक जण आहे, फवारणीचे पंप दुरुस्त करतो, त्याच्याकडे गेल्या मंगळवारी टाकी घेऊन गेलो. त्यानं इंजिनाचं विचारलंसुद्धा नाही. झाकण हातात घेतलं, नखानं खरवडलं आणि म्हणाला, "राव, बाटली तोंडाला लावून वढत बसलं अन् मधी हवाच जाऊ दिली न्हाई, तर पानी यील का?" झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं. ते बुजलं होतं. शेंदरानं. गेल्या दसऱ्याला यंत्राची पूजा केली तेव्हा मामींनी तेलात कालवून शेंदूर लावला, बरोबर झाकणावर, कारण टाकीचं डोकं तेच. मग दर अवसेला एक थर. मी एकदा पुसायला गेलो तर ओरडल्या, "लावल्याला शेंदूर खरवडत्यात व्हय? माझ्या गेणाचं इंजिन हाय, दिष्ट लागंल." भिमाजीनं टाचणी घातली, हवा आत गेली. शेंदूर कुणी लावला असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, जुनाच आहे.

तर हा असा खुलासा. इंजिन तुम्ही पाठवलं तसंच, अस्सल. तुमचा काडीचा दोष नाही. थोरांना नमस्कार, लहानांच्या गालाला माझा हात लावा, आणि खोकल्याला ज्येष्ठमध चघळा.

आपला,
सोमाजी

ता. क. हे पत्र वाचून जाळा. मामींना मी काही सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. तुम्हीही सांगू नका. हात जोडतो. तुमच्यावर चिडून त्या निदान उठतात, भांडी आपटतात, दोन घास खातात. आपल्याच हातानं नवरा गेला हे कळलं तर ती बाई अंथरुणातून उठायची नाही. उलट दिवाळीला या आणि तोंडावर म्हणा, आई, चुकलं, इंजिन खराब होतं. तुमच्या कारागिरीला हे किती झोंबेल ते मला समजतं. तरी म्हणा. उत्तर घरी धाडू नका, पोस्टमन पत्र मामींना मोठ्यानं वाचून दाखवतो.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात मामी मागं येऊन उभ्या. कुणाला लिहितोस? खोटं सुचलं नाही, म्हटलं गेणभाऊला. मग म्हणाल्या, "त्याला म्हनावं, ये. शिव्या द्यायच्यात, त्या काय कागदावर मावायच्या न्हाईत. अन् एसटीच्या फाट्यावर काय खाऊ नको म्हनावं, मी भाकरी टाकते."