दम वाढवायची वही

३ ऑगस्ट, सकाळ

सूनबाई, आधी चष्मा शोध. डोक्यावर आहे. कालही डोक्यावरच होता. आता लिही.

ही वही कुणी वाचायची नाही. मला अक्षर येत नाही आणि तू सकाळी लिहिलेलं दुपारी विसरतेस. इतकं पक्कं गुपित कुलपातसुद्धा राहत नाही.

कारण असं. आमची नात कॉलेजला गेली, हॉस्टेलात राहते. तिथे व्यायामाचा पेपर सक्तीचा. २० सप्टेंबरला टेस्ट, मैदानाला चार फेऱ्या, बारा मिनिटांत. नापास झाली तर दुसऱ्या वर्षाला घेणार नाहीत. आणि आमची नात म्हणजे पाणी हवं तरी बापाला हाक मारणारी. काल फोनवर म्हणाली की आजी, मला नाही जमायचं, घरी येते.

घरी येते म्हणे! मला शाळेच्या पायरीवरही उभं केलं नाही कुणी. ही आत शिरली आहे ती धावायला लागतं म्हणून बाहेर येणार? मी जिवंत असेपर्यंत तरी नाही.

ठराव: रोज सकाळी सहाला मी फोन करायचा, तिने धावायचं. तिला एकटं वाटू नये म्हणून मी इथे गॅलरीत पन्नास फेऱ्या मारायच्या. उद्यापासून.

४ ऑगस्ट, सकाळी ६

पावणेसहालाच लावला. लागला नाही. पाच वेळा लावला. गॅलरीतल्या फेऱ्या: शून्य. चपलेचा अंगठा तुटला. अनवाणी व्यायाम करू नये असं कुणीतरी सांगितलेलं आहे.

संध्याकाळी तिचा फोन. आजी, सहा म्हणजे सहालाच कर, आधी लागणार नाही, म्हणाली. बघा! एका दिवसात शिस्त आली.

५ ऑगस्ट

सहाला लागला. काय धापा टाकत होती पोरगी! थांब आजी, बसू दे, म्हणाली. मी म्हटलं, बस बस, धावणाऱ्या माणसाने बसायचंच असतं. माझ्या एका शब्दाने धावायला लागली. मुलगा आयुष्यात माझ्या शब्दावर हलला नाही, पण नातीत माझं रक्त आहे.

सूनबाई म्हणते, ती धावते असं म्हणाली का? अगं, धापा काय झोपेत लागतात? तू लिही.

माझ्या फेऱ्या: सहा. त्यातल्या दोन चहाला.

९ ऑगस्ट

बक्षीस ठरवलं. आठवडाभर धापा टाकल्या की लोण्याच्या बिस्किटांचा एक डबा. मोठा. माणूस काय, बैल काय, पुढ्यात काहीतरी दिसलं तरच पाय उचलतो. सूनबाई म्हणाली, बारीक व्हायला बिस्किटं? हिला स्टॅमिना म्हणजे काय ते ठाऊकच नाही. मला मुलाने सांगितलंय. स्टॅमिना म्हणजे ताकद. ताकद लोण्यात असते.

१४ ऑगस्ट

तिचा आवाज विहिरीतून आल्यासारखा घुमतो. मैदान मोठं असणार. मागे पाणी पडल्याचाही आवाज येतो. नळ असेल. चांगली सोय आहे कॉलेजात.

दहा मिनिटं बोलली. खोलीतल्या दोघी एकमेकींशीच बोलतात म्हणे. जेवायला एकटीच बसते. मी म्हटलं, धावणाऱ्याने एकटंच असावं, कुणी अडवत नाही. तिने फोन ठेवला. पटलं असणार.

माझ्या फेऱ्या: गुडघा नाही म्हणाला. त्याचंही ऐकायला हवं, पंचाहत्तर वर्षं माझं ऐकतोय.

२२ ऑगस्ट

दुसरा डबा पोचला. एक मैत्रीण झाली, चौथ्या मजल्यावरची. तिलाही दिली म्हणे बिस्किटं. मी बजावलं, जास्त नको वाटूस, टेस्ट तुझी आहे.

आणखी आनंदाची बातमी. तिच्या दोन पँटी कमरेत बसेनाशा झाल्या. स्नायू! तीन आठवड्यांत! सूनबाईने लेखणी खाली ठेवली आणि स्वयंपाकघरात जाऊन हसली. ऐकू येतं मला, अक्षर येत नाही एवढंच.

नातीने विचारलं, आजी, तुझ्या फेऱ्या? मी म्हटलं चालू आहेत. खुर्ची गॅलरीतच असते, म्हणजे अगदी खोटं नाही.

३ सप्टेंबर

आज घड्याळ पुढे होतं, चुकून पावणेसहाला फोन केला. लागला! आणि नातीला दम म्हणून लागलेला नाही. आवाज शांत, जरा झोपाळलेला. आवाज घुमणंही बंद.

सगळ्या घराला उठवून सांगितलं, पोरीचा दम वाढला. मुलगा म्हणाला, आई, सहा तरी वाजू दे. या घरात कौतुक म्हणून कुणाला नाही.

१० सप्टेंबर

सलग आठ दिवस धाप नाही. आता फोन पांघरुणातून आल्यासारखा येतो. थंडी वाजत असेल, सकाळी धावणारे गुंडाळून घेतात. शेजारणीला सांगून ठेवलं की तुझी मुलगी फिट नसली तर मला सांग, मी फोनवर करून देते. तिने दार लावून घेतलं.

माझ्या फेऱ्या: मनातल्या मनात पन्नास. मनालाही व्यायाम लागतो.

१९ सप्टेंबर

उद्या टेस्ट. फोनवर रडवेली होती. आजी, मला काहीतरी सांगायचंय, म्हणाली. मी म्हटलं, परीक्षेच्या आदल्या दिवशी काही बोलू नये, तोंडची ताकद पायात जाऊ दे. आणि फोन ठेवला.

शाबास मी.

२० सप्टेंबर, दुपार

दोन फेऱ्या. तिसरीला खाली बसली.

नापास.

२१ सप्टेंबर

लिही, सूनबाई. सगळं लिही, काही गाळू नकोस.

काल पोरीने रडत सगळं सांगितलं. तिच्या खोलीत नेटवर्क नव्हतं. खालच्या मजल्यावर कुठेच नव्हतं. चौथ्या मजल्याच्या वर, पाण्याच्या टाकीपाशी, जिन्यावर तेवढं यायचं. माझा फोन घ्यायला रोज सहाला चार मजले धावत चढायची. त्या धापा. तिथेच ती मैत्रीण भेटली. आणि दोन सप्टेंबरला कुणीतरी येऊन खाली यंत्र बसवून गेलं, तेव्हापासून नेटवर्क खाटेवर आलं. आमची नातही खाटेवरच राहिली.

मी म्हटलं, अगं मग धावते म्हणून खोटं का बोललीस? ती म्हणाली, आजी, मी कधी म्हणाले?

सूनबाईला मागची सगळी पानं वाचायला लावली. पहिल्यापासून. एकाही पानावर पोर धावते म्हणालेली नाही. प्रत्येक पानावर मीच म्हणालेय. चांगली वही केली मी. अक्षर येत नाही तेच बरं होतं.

मग विचारलं, सांगितलं का नाहीस आधी? तर म्हणते, सांगितलं असतं तर तू सहाचा फोन बंद केला असतास. तिथे सकाळी माझ्यासाठी उठणारं दुसरं कुणी नव्हतं.

हे तिचं वाक्य आहे. लिही तसंच.

२२ सप्टेंबर, सकाळी ६.३०

कॉलेजातल्या खेळाच्या बाईंनी आणखी एक संधी दिलीय, ५ ऑक्टोबरला. महिनाभर रोज चार मजले चढणारी मुलगी चार फेऱ्याही करेल, असं त्या नातीला म्हणाल्या. फक्त सोडून दिलंस ते चुकलं, म्हणाल्या.

नवा ठराव. फोन दिवसातून तीन वेळा. खाटेवरून उचलला तर मी बोलणार नाही. टाकीचं पाणी पडताना ऐकू आलं पाहिजे, तरच बोलणार. पोर हसली. दीड महिन्यात पहिल्यांदा. आणि म्हणाली, आजी, तुझ्या फेऱ्यांचा आवाजही मला ऐकव.

माझ्या फेऱ्या: एक. खरी. फोन हातात धरून. ती पलीकडून मोजत होती, त्यामुळे इलाज नव्हता.

आता डब्याचं ऐक, आणि हे मात्र दुपारी विसरू नकोस. तिच्या नावाने भाजलेले हरभरे आणि सहा सफरचंदं पाठव, बाकी काही नाही. बिस्किटंही पाठव, पण वेगळ्या डब्यात, आणि त्यावर पत्ता चौथ्या मजल्यावरच्या मैत्रिणीचा घाल. आत चिठ्ठी लिही की नात जिना चढून वर आली तरच द्यायचं, एका वेळी एकच.