चाळीसपैकी चाळीस 'नाही'

५ मार्च, सकाळी ९.४०
ऑफिसने आज माझ्यावर घोर अन्याय केला. नवे लिफाफे आतून कोरे निघाले. निळ्या रेघा नाहीत, ठिपके नाहीत, काही नाही. लेखी तक्रार दिली. स्टोअरवाले म्हणाले, मॅडम, लिफाफा आतून बघतं कोण? अशांच्या हाती स्टेशनरी.
आतल्या नक्षींचा माझा संग्रह: ४१२. हा नाद नव्हे, व्यासंग.

५ मार्च, संध्याकाळ
लेक म्हणते, तिला ऑटिझम असावा. डॉक्टरांचं पत्र मिळालं तर नोकरीत शांत जागा मिळेल, नाहीतर नोकरीच सोडावी लागेल म्हणे. पत्रासाठी तिच्या लहानपणाचा फॉर्म आईने भरायचा. मी म्हटलं, तू तर चारचौघींसारखी वागतेस. तर म्हणे बायकांत तो असाच लपतो, दुसऱ्यांचं बघून बघून त्या वागायला शिकतात. मी म्हटलं, याला वळण म्हणतात.
निश्चय: फॉर्म प्रामाणिकपणे भरून पोरीच्या डोक्यातलं खूळ काढणे.

७ मार्च
वीस मिनिटांत उरकला. 'एकाच विषयात तासन्‌तास रमायची का?' शेवाळात रमायची. कुणाला काही, कुणाला काही. 'नाही'. 'फोनआधी वाक्यं लिहून काढायची का?' न लिहिता फोन करतात ते उद्धट. 'नाही'. 'पाहुणे गेल्यावर अंधारात पडून राहायची का?' पाहुणे गेल्यावर दुसरं करतात काय? 'नाही'.
चाळीसपैकी चाळीस 'नाही'. इतकी नॉर्मल मुलगी शोधून सापडायची नाही.

१२ मार्च
लेकीने फॉर्म पाहिला. ओरडली नाही, तिथेच पंचाईत झाली. "आई, ही उत्तरं तू कुणाशी ताडून दिलीस?"
माझ्याशी, म्हटलं. आणखी कुणाशी ताडणार?
तिने वळून बाबांकडे बघितलं. ह्यांनी पेपर तोंडासमोर धरला. पेपर हलत होता.

१९ मार्च
डॉक्टरीणबाईंचा गैरसमज दूर करायला स्वतः गेले. संभाषण दीड पान लिहून नेलं होतं, त्यांच्या उत्तरांसकट. दुसऱ्याच वाक्याला त्या पान सोडून बोलल्या. वेळ मारून न्यायला हसले. कुणाचं हसणं कधी उचललंय का, असं त्यांनी विचारलं. सांगितलं, हेच, आमच्या टायपिस्टचं. बावीस वर्षं वापरतेय, एक तक्रार नाही.
लिफाफ्यांबद्दल त्यांनीच विचारलं, म्हणून थोडक्यात सांगितलं. पन्नास मिनिटं. बाहेर पेशंट खोळंबले.
निघताना दोन कोरे फॉर्म दिले. एक लेकीसाठी, पुन्हा भरायला. दुसरा कुणासाठी, म्हटलं. त्या हसल्या. स्वतःचंच हसल्या असाव्यात.

२० मार्च
लेकीचा फॉर्म भरला, या वेळी माझ्याशी न ताडता. सदतीस 'हो'. शेवटचा प्रश्न: 'कपड्यांची लेबलं टोचायची का?' तिसरीत असताना ती गणवेशाचं लेबल काप म्हणून रोज रडायची. मी म्हणायचे, टोचतं सगळ्यांनाच, मी नाही का सोसत?
फॉर्म वाचून तिने विचारलं, मिठी मारू का? मारली. छोटीशी. बरी होती.
दुसरा फॉर्म अजून कोरा. सध्या सवड नाही.
ती कामावर गेल्यावर कात्री घेऊन तिचं कपाट उघडलं. सगळी लेबलं तिने कधीच कापलेली. पण घाईघाईत, शिवणीत टोकं उरलेली. एकेक टाका उसवून काढली. सतरा कपडे. तिला सांगितलं नाही.
मग माझा स्वेटर घेतला.