चर्चचा टप्पा

४ डिसेंबर, गुरु.
पुन्हा काम लागलं. साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात, तीन महिन्यांच्या बोलीवर. 'गाडीवाल्या आण्णांचा पोरगा' एवढ्यावर घेतलं. आण्णा कामगारांची गाडी चालवायचे हे अजून गेटवरच्या वॉचमनलाही आठवतं. गाडी भंगारात जाऊन वर्षं झाली.
निघताना आण्णा : "आता तरी एका जागी बूड टेक."
टेकायचं नाहीच्चे. पगाराचं सॉफ्टवेअर बदलतंय, एक जानेवारीपासून नवं. जुन्यातून दर महिन्याला ढीगभर रिपोर्ट छापून निघतात आणि कुठला कोण वाचतं ते कुणालाच सांगता येत नाही. पुण्याच्या कंपनीचा निखिल आलाय. म्हणाला, तू खात्याखात्यात जा आणि विचार, हा रिपोर्ट लागतो का. नको म्हणाले तर फुली मार, नव्यात घेत नाही.
म्हणजे फिरायचं काम. आजवरचं सगळ्यात बरं.

६ डिसें., शनि.
बॉयलरवाले म्हणाले कधी पाहिलाच नाही. फुली. स्टोअरमध्ये विचारलं, रिपोर्ट लागतो का? "लागतो की. डबा कशावर ठिवू मग?" खरंच, खाली पसरलेला, त्यावर ठेच्याचे डाग. त्यालाही फुली.
दुपारी यार्डात ऊसतोडीवाले बैलाच्या खुरांना पत्री मारत होते. बैल आडवा पाडून. बघत बसलो. परत आलो तर निखिल : "किती खाती झाली?" दोनच.

९ डिसें., मंगळ.
आज टाइम ऑफिसातलेच रिपोर्ट. शिंदेकाका टाइमकीपर, आण्णांच्या वेळेपासूनचे. सगळ्यांच्या शिफ्ट तेच लावतात. एक यादी निघाली, 'टप्पावार'. गाडी कुठल्या थांब्यावर कोणाला घ्यायची, त्याची.
"लागते का काका?"
"गाडीच न्हाई तर टप्पा कसला? काट."
फुली मारली खरी, पण नंतर कागद बाजूला काढून बराच वेळ बघत बसलो. रेल्वे गेट, चिंच, चर्च, बंधारा. सुट्टीच्या दिवशी मी असायचो गाडीत, केबिनमध्ये इंजिनच्या झाकणावर पोतं टाकून. बूड भाजायचं तरी उतरायचो नाही. थंडीत तर तीच जागा. आण्णा चर्चपाशी दोन छोटे हॉर्न द्यायचे, बाकी ठिकाणी एकच, लांब. चर्चला दोनच का ते कधी विचारलं नाही. तिथून मार्थामावशी चढायची, कँटीनची. चढल्या चढल्या माझ्या हातात गूळ घालून गुंडाळलेली चपाती. मग गाडी निघायची आणि मागं कामगारांची भांडणं, बिडीचा वास, काचेवर दव...
मला वाटतं फिरायचं वेड तिथलंच. आण्णा म्हणतात, माझ्यामुळं न्हाई, तू जन्मताच तसला.

१५ डिसें., सोम.
नवे नंबर वाटले. नवीन सिस्टीम सगळ्यांना एकापुढं एक सरळ नंबर देते. जुन्या टोकन नंबरात पहिला आकडा टप्प्याचा असायचा : एक म्हणजे रेल्वे गेट, तीन म्हणजे चर्च. निखिलला सांगितलं. "इंटरेस्टिंग," म्हणाला आणि पुढचा नंबर टाकला.
ऑइलमन गोरख चिडलाय. "आमी चर्चचे तीनवाले. आता ह्यो कुठला आकडा चिकटवला? लॉटरी हाय का?"

१८ डिसें., गुरु.
लफडं झालं.
नव्या सिस्टीमनं आजपासून शिफ्टही लावल्या, चाचणी म्हणून. आज पहिल्या शिफ्टला कँटीनमध्ये चहाच नाही. मार्थामावशी उशिरा आली. अर्धी वाट चालत, मग उसाच्या ट्रॅक्टरवर. रोज ती गोरखच्या गाडीवर मागं बसून येते. गोरखला सिस्टीमनं रात्रपाळी टाकली, तिला सकाळ.
शिंदेकाका डोक्याला हात लावून. "च्या मायला. मी नंबरचा पहिला आकडा बघून शिफ्ट लावायचो रे. एका टप्प्याचे एका पाळीत. गाडी हुती तवापासूनची सवय. माझ्या ध्यानातच न्हाई आलं."
त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं काही आहे असं त्यांनाच वाटलं नव्हतं. गाडी गेली, पण टप्प्याची माणसं अजून एकमेकांच्या मोटारसायकलवर येतात.
कँटीनचा मॅनेजर मावशीला सगळ्यांसमोर : "अजून एकदा उशीर झाला तर मी ठेकेदाराकडून बाई घेईन. सांगून ठेवतो."
मावशी भांडी घासत राहिली. जोरात.

१९ डिसें., शुक्र.
पहाटे मोटारसायकल घेऊन मीच गेलो चर्चपाशी. धुकं एवढं की चर्चची घंटा दिसेना.
"तू व्हय? गोरखनं धाडलं?"
"आपला मीच आलो."
"मफलर बांध. बापावानी छाती उघडी टाकून हिंडतो."
वाटेत विचारलं, ठेकेदाराची बाई आली तर? म्हणाली, "मग घरी बसंन. पन बसायचं कसं असतं ते मला ठावं न्हाई बाबा."

२३ डिसें., मंगळ.
रोज आणतोय. सकाळी लवकर उठायची सवय लागतेय, माझं मलाच हसू येतं. जुना दोस्त सादिकचा फोन. कांद्याचा ट्रक घेऊन कोचीनला निघालाय, एक तारखेला सकाळी. जोडीला माणूस पाहिजे. "समुद्राच्या कडंकडंनं जाऊ, येतो का?" अंगावर काटा आला. 'सांगतो' म्हणालो.

२५ डिसें., गुरु.
नाताळ. मावशीकडं गेलो, आण्णांना घेऊन. ते किती दिवसांनी घराबाहेर पडले. घरापासून, पुणतांब्याहून, मागं बसून आले, सारखे "हळू, हळू", जसा काही मीच ट्रक चालवतोय. करंज्या, केक, चहा. चर्चवर चांदणी लावलेली.
शेवटी विचारलं, चर्चला दोन हॉर्न का?
आण्णा चहात बघत बसले. मावशी हसली. "एक हार्न दिला की शेजारची उठायची आन मी झोपूनच ऱ्हायचे. म्हनून दोन."
एवढंच. मी काय काय कल्पना करून बसलो होतो.
कोचीनचं घरी बोललो नाही.

२९ डिसें., सोम.
निखिलला धरलं. टप्पा नव्यात येईल का? म्हणाला प्रत्येक माणसापुढं एक रिकामी चौकट आहे, भरा काय ते. पण शिफ्ट त्यावरून लावायची तर लेबर ऑफिसर साहेबांची सही पाहिजे. वाईट माणूस नाही निखिल. वर म्हणाला, "मला आधी कुणीतरी सांगायचं ना यार." काय सांगणार. फुली मीच घेऊन गेलो होतो त्याच्याकडं.
साहेब : "गाडी नाही, टप्पा आहे? ऑडिटवाले हसतील. पहिला पगार नव्यावर होऊ द्या, मग बघू."
तोवर मावशीचं काय?
"तोवर तुम्ही आणताच आहात की."
हे साहेबांना कुणी सांगितलं?

३० डिसें., मंगळ.
तरीही चौकटी भरल्या. सही झाली तर तयार असाव्यात म्हणून. जुन्यांचे टप्पे यादीत होते, पण गाडी बंद झाल्यावर लागलेल्यांचं काय? शिंदेकाकांनी आण्णांना बोलावून घेतलं. आण्णा खुर्चीवर बसले, समोर बघत, स्टेअरिंगवर बसल्यासारखे. मी नाव वाचायचो, घर कुठं ते काका सांगायचे, आण्णा टप्पा सांगायचे.
"त्यो कुठं राहतो? विहिरीपाशी? चिंच. ती नवी पोरगी? पलीकडं व्हय, बंधारा. तिथं गाडी वळवायला जागा हाय, बरं पडंल."
गाडी नाही हे ते विसरले होते. आम्हीपण आठवण केली नाही.
यादीत शेवटी माझं नाव आलं.
"तुझा कुठला?"
मी पुढचं काहीतरी करायला लागलो.  माझी चौकट रिकामी ठेवली.

१ जानेवारी, गुरु.
चर्चपाशी उभा आहे. गाडीच्या टाकीवर वही ठेवून लिहितोय, बोटं आखडलीत. साहेब गावाला, सही झालेली नाही. बोर्डावर नव्या शिफ्ट लागल्या, गोरख पुन्हा रात्रीला. हे मावशीला अजून सांगितलेलं नाही.
पिशवी गाडीला अडकवून आणलीय. दोन शर्ट, चार्जर. सादिक हायवेला थांबलाय, दोनदा फोन येऊन गेला.
हॉर्न दिला. दोन छोटे.
मावशीच्या घरात दिवा लागला. "आले रे! आज कोन हाय?"