आरशातले दोन सेकंद

१२ जानेवारी, सोमवार

भूत म्हणे! माझ्या नवऱ्याला भूत म्हणतात मेले!

तेन्मोळी नावाची एक बाई आज पत्ता शोधत चेन्नईत, साळिग्राममला माझ्या घरी आली. तिशीची असेल. जुन्या पिक्चरच्या पडद्यामागच्या गोष्टी मोबाइलवर सांगते, दोन लाख लोक बघतात म्हणे. तिला कुणीतरी सांगितलं, की हिरोइन चारुलेखाचे केस करणारी वेदवल्ली अजून जिवंत आहे. बरं झालं कुणी सांगितलं. माझी मलाच कधी कधी खात्री नसते.

दारातच विचारलं, ''जेवलात का अम्मा?'' इथे सगळेच विचारतात, उत्तराला कुणी थांबत नाही. हो म्हटलं. सकाळपासून दोन बिस्किटं झाली होती.

तिला आरशाच्या पिक्चरबद्दल हवं होतं. त्याचं खरं नाव मोठं लांबलचक, पण कोडंबाक्कमच्या स्टुडिओंत सगळे आरशाचा पिक्चरच म्हणतात. त्यातल्या गाण्यात चारुलेखा वळते, तेव्हा मागच्या आरशात दोन सेकंद एक माणूस दिसतो. धूसर. हात तोंडावर. मोबाइलवर त्या गाण्याखाली लोकांनी लिहिलेलं तेन्मोळीने वाचून दाखवलं. शॉक लागून मेलेल्या वायरमनचं भूत आहे आणि ते रडतंय, असं सगळ्यांचं ठरलेलं आहे.

मी उठले. कॉफी दिली. ती गेल्यावर दार लावलं आणि खूप हसले. मग उगाचच रडू आलं.

१३ जानेवारी

भोगी. गल्लीत सगळ्यांनी जुन्या चटया, फाटक्या टोपल्या जाळल्या. खालची मल्लिगा हाक मारून गेली, काही टाकायचं आहे का म्हणून. माझ्या घरात जुनं म्हणजे मीच. नाही म्हटलं.

१६ जानेवारी, शुक्रवार

ह्यांचा फोटो एकच. लग्नातला. हार घालून असे ताठ उभे आहेत, जणू कुणी मागून काठी लावलीय. चेहरा ह्यांचा नाहीच तो. नऊ वर्षं रोज त्याला उदबत्ती लावते, पण ओळख पटत नाही.

हे हलतात ते फक्त त्या आरशात. आयुष्यभर दुसऱ्यांवर दिवे मारले, स्वतः उजेडात आले ते तेवढेच. वर्षातून दोन-तीनदा टीव्हीवर तो पिक्चर लागतो. मग मी सगळं टाकून बसते. तीन तास बसायचं दोन सेकंदांसाठी. पापणी लवली की गेलं, पुढच्या खेपेपर्यंत.

हे कुणालाच माहीत नाही. मल्लिगालासुद्धा नाही.

२० जानेवारी, मंगळवार

सांगून टाकलं. तेन्मोळी कॅमेरा घेऊन आली आणि मीही सुटले. किती दिवसांत इतकं बोलले नव्हते! सांगितलं, की चारुलेखाची ती गुडघ्यापर्यंतची वेणी तीन तुकड्यांची होती आणि आत चाळीस आकडे होते. गजरे कागदाचे, कारण दिव्यांखाली खरी फुलं पाव तासात माना टाकतात. चंद्र म्हणजे पिठाची चाळण, वर मलमल, मागे दिवा. हिरो बुटका, म्हणून तो उभा राहायचा फळकुटावर आणि तिला बिचारीला अनवाणी नाचवायचे. तेन्मोळी पोट धरून हसत होती.

आणि मग म्हटलं, ते भूत नाही, माझे यजमान आहेत. लाइटमन होते. घाम पुसत असतील.

तिने कॅमेरा माझ्या आणखी जवळ आणला. मग नाव विचारलं. मी म्हटलं, ''नवऱ्याचं नाव मी तोंडाने घेत नाही.'' आमच्यात नाहीच घेत. ती लिहून द्या म्हणाली, मी उद्या देते म्हटलं. तिने नावाशिवाय तसंच मोबाइलवर टाकून दिलं.

२५ जानेवारी

तीन लाख लोकांनी बघितलं. खाली लिहितात: म्हातारीला प्रसिद्धी हवीय. नवऱ्याचं नावसुद्धा सांगता येत नाही, म्हणजे बनाव आहे. भूतच बरं होतं.

मोबाइल पालथा घालून ठेवला.

५ फेब्रुवारी, गुरुवार

तेन्मोळीचा फोन. आवाजात नुसता आनंद. पिक्चरला चाळीस वर्षं झाली म्हणून कंपनी तो धुऊनपुसून नवा करतेय. चित्तिरै महिन्याच्या पहिल्या दिवशी, आमच्या नव्या वर्षाला, थिएटरात लावणार. आमची गोष्ट मालकांनीही बघितली. भूत होतं तोवर ते ठेवणार होते, लोकांना गंमत वाटते. आता कळलं, की ती साधी चूक आहे, तेव्हा काढून टाकणार.

''अम्मा, तुमच्यामुळे चूक सुधारली! आभार मानणार आहेत तुमचे,'' म्हणाली.

मी फोन ठेवून दिला. वेदवल्ली, इतकी वर्षं तोंड मिटून होतीस, काय मेली अवदसा आठवली तुला!

६ फेब्रुवारी

झोप नाही. भात लावला नाही. एकटीसाठी काय लावायचं?

८ फेब्रुवारी, रविवार

आज लिहितेच तो दिवस. कुणाला सांगायचं नाही, इथे लिहायला काय हरकत आहे?

ह्यांची जागा वर, छताखालच्या फळीवर, मोठ्या दिव्यामागे. माझी खाली, कॅमेऱ्याच्या डाव्या बाजूला, स्टुलावर, मांडीवर कंगव्यांचा डबा. सेटवर हाका मारायची सोय नाही, म्हणून आमचा अर्धा संसार खुणांवर. उशीर होईल, डोकं दुखतंय, बस गेली, सगळं वरून हातानेच सांगायचे. मी मान वर करायची, मान हलवायची.

त्या आठवड्यात मी मान वर केली नाही. पोटातलं तिसऱ्या महिन्यात गेलं होतं. त्याला महिनाही झाला नव्हता आणि मी कामावर आले. सासूबाई म्हणाल्या, दिवसभर उभी राहते म्हणून गेलं. हे शेजारीच बसले होते. एक शब्द बोलले नाहीत. मला सासूबाईंचं नाही लागलं, ह्यांच्या गप्प बसण्याचं लागलं. बोलणं टाकलं. डबा करणंही टाकलं. युनिटचं जेवण यायचं, मी न जेवता तशीच बसून राहायचे. वर बघायचं नाही म्हणजे नाही.

आरशांचा सेट म्हणून सगळ्यांना काळे शर्ट, डोक्याला काळं फडकं, कॅमेऱ्यावर काळी चादर. आरशांत काही दिसू नये म्हणून त्यांना साबण फासलेला. एकच आरसा लख्ख ठेवला होता, त्यात चारुलेखाची वेणी दिसायला हवी होती. माझी वेणी! टेक चालू असताना कुणी जागा सोडायची नाही, हा नियम. आणि नेमके हे शिडी उतरून त्या आरशात येऊन उभे राहिले. तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. मी तर वेणीकडेच बघत होते. संध्याकाळी चारुलेखा हैदराबादला गेली, सकाळी सेट मोडला. चार दिवसांनी रीळ धुऊन आलं, तेव्हा कळलं.

कॅमेरामनने सगळ्यांदेखत ह्यांच्या थोबाडीत मारली. पुढे दीड वर्ष कुठल्याही कंपनीने बोलावलं नाही. लग्नांच्या मांडवांत दिव्यांच्या माळा लावत फिरले.

खाली कशाला उतरलात, हे मी विचारलं. एकदा नाही, शंभरदा. ''काम होतं,'' एवढंच. मी ऐकून घेणारी थोडीच! डोळे फुटले होते का, कॅमेरा दिसला नाही का? पुढे टीव्हीवर पिक्चर लागला की मी म्हणायचे, ''आले बघा हिरो.'' हे हसायचे आणि चपला घालून बाहेर जायचे. मूल परत राहिलं नाही. तीस वर्षं मी तेच म्हणत राहिले आणि हे तसेच जात राहिले.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

तेन्मोळीला खरं काय ते सांगितलं, की मला हे दिसतात ते तेवढ्या दोन सेकंदांतच. तिचा चेहरा एवढासा झाला. तीच मला रिक्षाने घेऊन गेली, जिथे पिक्चर धुतात तिथे.

धुतात म्हणजे पाणी नाही. कॉम्प्युटरवर एकेक चित्र घेऊन त्यातले ओरखडे, डाग काढतात. काढणारा इनासी म्हणून एक. पन्नाशीचा, चष्मा कपाळावर. बोलायला गोड, पण हात बांधलेले. म्हणाला, मालकांचा हुकूम आहे, दोष राहता कामा नये. कागदावरही तेच लिहिलं होतं: गाणं तिसरं, आरशातला दोष.

दोष! चौदा वर्षांची असल्यापासून ह्या धंद्यात आहे. लोकांच्या टकलावर केस उगवले, नाकं सरळ केली, एकीचे दात दुसरीला लावले. एवढं खोटं राहिलेलं चालतं आणि एक खरा माणूस तेवढा दोष! हे सगळं मी मोठ्याने बोलले. इनासीने ऐकून घेतलं.

मग विचारलं, ''नाव काय त्यांचं अम्मा? माझ्यापुरतं लिहून ठेवतो.''

''तनिकाचलम,'' मी म्हटलं.

लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. कुणा परक्याचंच नाव घेतल्यासारखं वाटलं. इनासीने ते त्या दोषाच्या शेजारी पेन्सिलने लिहिलं. मालकांशी बोलून बघतो म्हणाला. बोलेल, पण उपयोग व्हायचा नाही, ते त्यालाही ठाऊक होतं.

३ मार्च

इनासीचा निरोप आला. मालक नाही म्हणाले.

२२ मार्च, रविवार

टीव्हीवर आज तोच पिक्चर, जुना. कदाचित शेवटचाच. पुढे नवा आला की जुना कोण दाखवतंय? पापणी लवू दिली नाही. डोळ्यांत पाणी आलं आणि हे आणखीच धूसर झाले. रडायलासुद्धा वेळ कळत नाही मला.

१४ एप्रिल, मंगळवार

नवं वर्ष. मल्लिगाने कैरीची पच्चडी आणून दिली, तशीच झाकून ठेवली.

तेन्मोळी थिएटरात घेऊन गेली. मी नकोच म्हणत होते. गाणं लागलं, चारुलेखा वळली, आरशात वेणी. नुसती वेणी. एकेक पेड मोजून घ्यावा इतकी स्वच्छ, एकही केस हललेला नाही. लोकांनी शिट्ट्या मारल्या. तेन्मोळीने माझा हात धरला होता, तो मी सोडवून घेतला.

घरी येऊन फोटोला उदबत्ती लावायला गेले आणि लावायची राहिलीच.

१७ एप्रिल

इनासी स्वतः येऊन एक पाकीट देऊन गेला. पुसण्याआधी प्रत्येक चित्र साफ करून कागदावर छापून ठेवलं होतं म्हणाला. दोन सेकंदांची अठ्ठेचाळीस. ''मालकांना सांगू नका अम्मा. आणि नीट बघा. मी बघितलंय, पण ते तुमचं आहे, मी सांगणार नाही.''

बसायलाही थांबला नाही. पाकीट फोटोपुढे ठेवलंय. धीर होत नाही.

२० एप्रिल, सोमवार

उघडलं. गड्डी हातात धरून अंगठ्याने भराभर सोडली आणि हे हलले.

घाम पुसत नाहीत. रडतही नाहीत. पाच बोटं जुळवून तोंडाशी नेतात, भुवया वर करतात. परत नेतात. बघतात ते कॅमेऱ्याच्या डावीकडे, माझ्या स्टुलाकडे. जेवलीस का?

मी वर बघत नव्हते ना. म्हणून खाली आले होते.

दुपारी भात लावला. सांबार केलं. पान मांडून बसले, पोटभर. मग फोटोकडे मान वर करून बघितलं आणि हलवली.

जेवले हो.